ताइवो असेल तर

ती ओळ खोडताना मला फार बरं वाटलं होतं, हे आधीच सांगून टाकतो. नंतर लोक माझी बाजू घ्यायला लागले, की मला तेच आठवतं आणि मी गप्प बसतो.

आमचं ऑफिस इबादानमध्ये, बोडिजाला, एका टायरवाल्याच्या दुकानाच्या माडीवर. गावोगावच्या आरोग्य केंद्रांसाठी एक प्रोग्राम आहे, तो आम्ही सांभाळतो. कोणतं बाळ कधी जन्मलं, कोणती लस टोचली, कोणती राहिली, रक्ततपासणीत काय निघालं, सगळं त्यात. तो लिहिला सहा वर्षांपूर्वी, आणि ज्यांनी लिहिला ते केव्हाच परदेशी निघून गेले. मागे ठेवून गेले ते एक अडगळीचं घर. एकच गोष्ट चार ठिकाणी लिहिलेली, नावं अशी की लिहिणाऱ्यालाही दुसऱ्या दिवशी कळू नयेत, आणि टेस्ट नावालाच. टेस्ट म्हणजे प्रोग्रामची परीक्षा घेणारा दुसरा छोटा प्रोग्राम. उत्तर बरोबर आलं की हिरवं, चुकलं की लाल. मी टीमचा प्रमुख झालो तेव्हा आमचे मालक ओगा दुरोजाये यांना शब्द दिला होता की वर्षाच्या आत हे घर झाडून, पुसून, लख्ख करून देतो.

दोन नियम मी स्वतः लिहून भिंतीवर चिकटवले होते. कोणाचाही बदल दुसऱ्याने वाचल्याशिवाय पुढे जाणार नाही. आणि सगळं हिरवं झाल्याशिवाय तर नाहीच नाही. दोन्ही नियम मी पाळले. एकही मोडला नाही. तरीही जे व्हायचं ते झालं, म्हणून तर अजून डोकं चालत नाही.

फेब्रुवारीत साफसफाई करता करता मी जुळ्यांच्या भागात पोचलो. तिथे एक ओळ होती. तिचा अर्थ असा: जुळ्यांपैकी कोणाचं नाव ताइवो असेल, तर क्रम उलटा कर. का, कशासाठी, काही नाही. ही ओळ घालणाऱ्याने त्या वेळी शेरा मारून ठेवला होता, तो शोधला. शेरा होता, "सिस्टर म्हणाल्या म्हणून." कोणत्या सिस्टर, काय म्हणाल्या, देव जाणे.

आता माझंच नाव ताइवो. आमच्यात जुळ्यांना नावं ठेवावी लागत नाहीत, ती येतानाच नावं घेऊन येतात. आधी बाहेर येतो तो ताइवो, मागून येतो तो केहिंदे. आणि थोरला कोण, तर मागून आलेला. म्हणे केहिंदे आतूनच सांगतो, "जा रे, जग कसं आहे जरा बघून ये," आणि ताइवो निमूट पुढे होतो. ज्याला कामाला पाठवतात तो धाकटा, हा न्याय. माझा भाऊ माझ्यानंतर पंचवीस मिनिटांनी आला आणि छत्तीस वर्षं मला "जा रे, जरा पाणी आण" सांगतो आहे. मटणाचा पहिला तुकडा त्याचा. तेराव्या वर्षी बापाच्या जुन्या सायकलवर पहिली फेरी त्याची. पंचवीस मिनिटं आधी येऊन मी काय पाप केलं, हे मला आजतागायत कोणी सांगितलेलं नाही.

तेव्हा प्रोग्राममध्येसुद्धा ताइवोला मागे सारणारी ओळ दिसल्यावर माझं टाळकं सटकलं. शेजारच्या टेबलावर इरेतीओला होती. चोवीस वर्षांची, कामाला चोख, पण बोलणं असं की आवाज ऐकायला कान पुढे करावा लागतो.

"इरेती, हे बघ," मी म्हटलं. "लेकराचं नाव बघून हिशेब बदलणारा प्रोग्राम. आता काय, नाकाचा आकार बघून लस द्यायची?"

ती उठून आली, माझ्या मागे उभी राहिली. "जुनं आहे सर," एवढंच म्हणाली.

"जुनं आहे म्हणूनच काढायचं."

मी ओळ खोडली. तिच्या जागी सरळ, स्वच्छ नियम घातला: जन्माच्या वेळी बाळ १ आणि बाळ २ अशी नोंद असते, पुढे नावं आली की पहिलं लिहिलेलं नाव बाळ १ ला, दुसरं बाळ २ ला. सगळ्या टेस्ट चालवल्या. दोनशे बारा. सगळ्या हिरव्या. बदल वाचायला इरेतीकडे पाठवला. ती बराच वेळ पडद्याकडे बघत होती, मध्ये एकदा माझ्याकडे बघितलं, पुन्हा पडद्याकडे. मग तिचं उत्तर आलं, "नीट दिसतंय, सर." मी खाली जाऊन अमाला खाऊन आलो. दोनदा वाढून घेतलं.

तीन आठवड्यांनी फोन आला. एका केंद्रातल्या सिस्टर.

"प्रोग्रामवाले का तुम्ही?"

"हो सिस्टर, बोला."

"तुमच्या यंत्राने आमच्या मुलीचा मुलगा केलाय."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? माझ्यासमोर केहिंदे बसलाय, चांगला मुलगा आहे, लंगोट उघडून बघा. तुमचं यंत्र म्हणतं मुलगी. आणि ताइवो मुलगी, तिला मुलगा म्हणतं. आई हसून हसून रडतीये, पण मला हसू येत नाही. मी कार्ड कशावर छापू?"

मी म्हटलं बघतो, आणि फोन ठेवला. बघितलं. टेस्ट हिरव्या. नोंद व्यवस्थित. बाळ १ मुलगी, बाळ २ मुलगा, जन्माच्या दिवशीच लिहिलेलं. सहा आठवड्यांनी आई लशीला आली तेव्हा सिस्टरनी नावं घातली. पहिलं नाव केहिंदे, दुसरं ताइवो. मी त्या दोन नावांकडे पाच मिनिटं बघत बसलो. काहीच चुकलेलं नव्हतं आणि मुलीचा मुलगा झाला होता.

शेवटी फळ्यावर गेलो. इरेतीला बोलावलं.

"पहिलं बाळ कोण?" मी विचारलं.

"जे आधी आलं ते, सर."

"म्हणजे ताइवो."

"हो सर."

"मग सिस्टरनी पहिलं नाव केहिंदे का लिहिलं?"

"थोरल्याचं नाव आधी लिहितात ना, सर."

"पण पहिला तर ताइवो."

"पहिला ताइवोच. पण आधी केहिंदे."

मी फळ्यावर १ लिहिला, त्याच्यासमोर ताइवो लिहिलं, पुसलं, केहिंदे लिहिलं, पुसलं. शाळेच्या हजेरीपटापासून लग्नाच्या पत्रिकेपर्यंत प्रत्येक कागदावर माझं नाव भावाच्या खाली आहे, आणि हे मला सुचू नये? नर्स जन्माच्या वेळी क्रम लावतात येण्याचा आणि नावं लिहिताना क्रम लावतात मानाचा. ती खोडलेली ओळ हेच सांधून घेत होती. आणि टेस्टमध्ये जुळ्यांची नावं होती 'अ' आणि 'ब'. त्या टेस्ट मीच लिहिल्या होत्या. ताइवो नावाचं बाळ त्यांत एकदाही जन्मलं नव्हतं, म्हणून ओळ असली काय नि नसली काय, सगळं हिरवंच दिसणार होतं.

"इरेती, तुला हे माहीत होतं?"

तिने खाली बघितलं. "शंका आली होती, सर."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही मोठे. मी कसं विचारणार?"

"नियम काय लिहिलाय भिंतीवर? वाचायचं, आणि चुकलं तर सांगायचं."

"वाचलं, सर." मग इतक्या हळू बोलली की मला पुढे वाकावं लागलं. "आणि तुमचं नावच ताइवो आहे. मला वाटलं, जुळ्यांचं तुमच्याइतकं कोणाला कळणार?"

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

तेवढ्यात ओगा दुरोजाये आले. त्यांना सगळं सांगितलं. ते बिनघोर माणूस आहेत, आवाज मोठा, झोप त्याहून मोठी.

"अरे मग ओळ परत घाल," ते म्हणाले. "या तीन आठवड्यांत जुळी किती?"

"एक्केचाळीस जोड्या."

"त्या सगळ्या उलट्या कर. जेवणाच्या आत संपतंय काम. एवढं तोंड कशाला पाडून बसलास? लस तर दोघांना एकाच दिवशी तीच टोचतात. नाव इकडचं तिकडे झालं म्हणून काय हात गळून पडतो?"

बोलणं खोटं नव्हतं. मी यादी काढली. एक्केचाळीस जोड्या, आणि खरोखर चाळीस जोड्यांत नावं आणि फार तर मुलगा-मुलगी सोडून कशाचाच फरक पडत नव्हता. एक्केचाळिसावी जोडी ओके-आगोच्या केंद्रातली. दोन्ही मुलगे. बाळ १ समोर रक्ताचा निकाल: निरोगी. बाळ २ समोर: सिकल सेल. औषध, पेनिसिलिन, सकाळ-संध्याकाळ. आणि माझ्या स्वच्छ नियमाने बाळ २ म्हणजे ताइवो ठरवला होता.

हा आजार आमच्याकडे कोणाला समजावून सांगावा लागत नाही. असल्या लेकराला साधा ताप भोवतो, म्हणून तर तान्हेपणापासून औषध. आणि एकोणीस दिवस ते औषध भलत्याच्या पोटात जात होतं, ज्याला हवं तो कोरडा. कशामुळे, तर मला माझ्या भावाचा राग येतो म्हणून.

मी ओळ परत घातली. एक्केचाळीस जोड्या उलट्या करणारा आदेश लिहिला. बोट कळीवर होतं. पाठीमागून आवाज आला.

"सर, ओके-आगोच्या सिस्टरना आधी विचारलं तर?"

"काय विचारायचं? कळलं ना काय झालंय ते."

"जन्माच्या वेळी बाळ १ त्या कोणाला म्हणतात, ते."

मी चिडलो, खोटं कशाला बोलू. मोठ्यांचा मान म्हणून तेव्हा गप्प बसली ती बाई आज घाईच्या वेळी प्रश्न विचारते. "आधी आलेल्याला म्हणतात, इरेती. आत्ताच फळ्यावर काढलं आपण."

"ते त्या केंद्रात, सर. या केंद्रात काय म्हणतात?"

मी फोन लावला, तिचं तोंड बंद व्हावं म्हणून. ओके-आगोच्या सिस्टर मोरोउंकेजी, तीस वर्षं बाळंतपणं केलेली बाई. सरळ विचारायची लाज वाटत होती म्हणून मी इकडचं तिकडचं बोलत राहिलो. शेवटी त्याच म्हणाल्या, "साहेब, ताकाला आलात तर भांडं पुढे करा. काय हवंय?"

"जुळी झाली की बाळ १ तुम्ही कोणाला लिहिता?"

"थोरल्याला. म्हणजे काय, धाकट्याला एक नंबर देऊ?"

म्हणजे त्यांच्या लेखी बाळ १ केहिंदे, बाळ २ ताइवो. म्हणजे माझा बिघडलेला नियम त्या एका जोडीला बरोबर बसला होता, आणि मी सुधारलं असतं तर ते चुकलं असतं.

"पण थांबा," सिस्टर म्हणाल्या. "सिकल सेलवाल्या जोडीचं विचारताय ना, इया इबेजी सिदिकतच्या? त्या दिवशी मी एकटी नव्हते. बदलीवर एक पोरगी आली होती, बेनिनकडची. रक्ताच्या नमुन्यांवर चिठ्ठ्या तिने चिकटवल्या का मी, ते मला आता सांगता नाही यायचं. ती आपल्यातली नाही, ती येण्याच्या क्रमानेच लिहिणार."

"चिठ्ठी बघून अक्षर ओळखता येईल?"

"एक आकडा आहे साहेब. दोन. आकड्याला कसलं अक्षर?"

"वजन? जन्माचं वजन?"

"काटा त्या आठवड्यात बंद होता. दोघांपुढे अंदाजे तेच लिहिलंय."

बेनिनच्या नर्सचा नंबर लागेना. ओगा म्हणाले, "मग आता कोण आजारी?" मी म्हटलं माहीत नाही. "म्हणजे प्रोग्राम बरोबर आहे का चूक?" मी म्हटलं तेही माहीत नाही. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू स्वतःलाच विचारतायत, तीन महिन्यांपूर्वी याला प्रमुख केला तेव्हा आपण शुद्धीत होतो ना. मग म्हणाले, "गाडी घेऊन जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी इरेती आणि मी ओके-आगोला गेलो. सिस्टर आम्हाला घेऊन सिदिकतच्या घरी गेल्या. सिदिकत अंगणात शेंगा फोडत बसली होती. तिला सगळे इया इबेजीच म्हणतात, जुळ्यांची आई, आणि ती तो मान अंगावर घेऊन बसते. दोन्ही मुलगे चटईवर झोपलेले. मी वाकून बघितलं. मला त्यांच्यात काही फरक दिसला नाही. एकाच्या तोंडाशी माशी बसली, ती मी हाकलली.

मी सांगितलं. जमेल तितकं सरळ. की आमच्या प्रोग्रामात घोळ झाला, की औषध ताइवोला लिहिलंय पण कदाचित केहिंदेला हवं असेल, की नक्की कोणाला ते आज कोणालाच माहीत नाही, पुन्हा रक्त तपासावं लागेल, निकालाला तीन आठवडे. की चूक माझी.

तिने शेंगा फोडायच्या थांबवल्या. "बोडा," ती मला दादा म्हणाली, "म्हणजे दोघांपैकी एक आजारी आहे, हे तर खरं?"

"हो."

"मग तेवढं मला आधीच माहीत होतं," ती म्हणाली, आणि पुन्हा शेंगा फोडायला लागली.

सिस्टरनी औषधाची बाटली मागितली. बाटली बघितली आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "इया इबेजी, एकाला लागेल तेवढीच संपलीये. पण तू मागच्या वेळी म्हणालीस दोघांना देते."

"दोघांनाच देते."

"औषध एकाचं आहे."

"म्हणून अर्धं-अर्धं करते. सिस्टर, जुळ्यांमध्ये एकाला द्यायचं नि एकाला नाही, असं करतं का कोणी? ज्याला मिळत नाही तो रुसतो. रुसला की परत जातो."

परत जातो म्हणजे कुठे, ते तिने सांगितलं नाही. तिथे कोणाला सांगायची गरज नव्हती. मी मात्र खरोखर गोंधळून गेलो. म्हणजे आजारी मूल, जो कोणी असेल तो, अगदीच कोरडा राहिला नव्हता. आणि पुरेसं औषधही त्याला मिळालं नव्हतं, ना माझ्या चुकीने, ना त्या चुकीशिवाय. आनंद मानू का हातपाय गाळू, समजेना. सिस्टरनी मात्र तिला झापलं. अर्ध्या औषधाने काही होत नाही, ते दिल्यासारखं दिसतं फक्त. मग डॉक्टरना फोन करून विचारलं. निकाल येईपर्यंत दोघांना पूर्ण औषध, निरोग्याला त्याने काही अपाय नाही. दोघांच्या टाचांतून रक्त घेतलं. या वेळी चिठ्ठीवर आकडा नाही, नाव घातलं, आणि घोळ नको म्हणून ताइवोच्या पायाला लाल दोरा बांधला. सिदिकतने मग केहिंदेलाही बांधायला लावला, दुसऱ्या रंगाचा.

परतताना गाडीत मी म्हटलं, "इरेती, काल तू विचारलं नसतंस तर मी कळ दाबली असती."

"हो, सर."

"यापुढे माझा बदल वाचलास की निदान एक प्रश्न लिहायचाच. 'नीट दिसतंय' लिहिलंस तर मी तो परत पाठवणार."

"एकच, सर?" ती म्हणाली. पुढच्या आठवड्यात माझ्या बारा ओळींच्या बदलावर तिचे नऊ प्रश्न होते. त्यातल्या एकाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि ती चूक निघाली.

ते तीन आठवडे माझे कसे गेले ते मलाच माहीत. उरलेल्या चाळीस जोड्यांसाठी आम्ही एकेका केंद्राला फोन केला. सव्वीस जोड्यांची नोंद येण्याच्या क्रमाने निघाली, अकरांची मानाच्या क्रमाने, आणि तीन ठिकाणी सिस्टर म्हणाल्या की ज्याची पाळी असेल त्याच्यावर आहे. म्हणजे सहा वर्षं ती जुनी ओळसुद्धा कुठे बरोबर, कुठे चूक चालत होती, आणि आम्ही तिला बरोबर समजत होतो. अशा जुन्या जोड्या किती असतील, कोण जाणे. त्यांचीही यादी काढायला घेतली, ती अजून संपलेली नाही. प्रोग्राममधून १ आणि २ काढून टाकले. आता जन्माची वेळ लिहायची, बाळाच्या पायाला नावाची पट्टी बांधायची, आणि नावं कोणत्याही क्रमाने घाला, ताइवो म्हणजे आधीची वेळ. ताइवो आणि केहिंदे नावाची बाळं टेस्टमध्ये जन्माला घातली, सरळ, उलटी, मुलगा-मुलगी, सगळ्या तऱ्हांनी. प्रत्येक टेस्टवर लिहिलं की हे का आहे आणि कोणत्या सिस्टरनी सांगितलं.

दुसऱ्या आठवड्यात सिस्टर मोरोउंकेजींचा फोन आला, केहिंदेला ताप आहे. मी त्या दिवशी एक ओळसुद्धा लिहिली नाही. दर तासाला फोन करत होतो. शेवटी त्या म्हणाल्या, "साहेब, तुम्ही फोन केल्याने ताप उतरत असता तर मी तुम्हाला नोकरीला ठेवलं असतं." दुसऱ्या दिवशी ताप उतरला. साधाच होता. पण तोवर माझ्या मनाने पक्कं करून टाकलं होतं की आजारी केहिंदेच, आणि मारला तो मी.

निकाल शनिवारी आला. मी एकटाच गेलो. केंद्राच्या ओसरीवर सिस्टरनी पाकीट फोडलं आणि कागद माझ्याकडे दिला. आजारी ताइवो होता.

मी तो कागद तीन वेळा वाचला. म्हणजे चिठ्ठ्या सिस्टरनीच चिकटवल्या होत्या, मानाच्या क्रमाने. म्हणजे त्यांची चूक आणि माझी चूक मिळून त्या एका जोडीचं बरोबर झालं होतं. माझी चूक झाली नसती तर प्रोग्रामने औषध केहिंदेला लिहिलं असतं, आणि कोणाला कधी कळलंही नसतं. ओगांना फोन केला तर ते म्हणाले, "म्हणजे तुझं काहीच चुकलं नाही की." मी म्हटलं, "चुकलं, ओगा." ते म्हणाले, "मग बरोबर कसं आलं?"

आम्ही सिदिकतकडे गेलो. सिस्टरनी तिला सांगितलं, आजारी ताइवो आहे, आता औषध फक्त त्यालाच, पूर्ण. केहिंदेला बंद. तिने ऐकून घेतलं. दोनदा विचारलं, नक्की ना? नक्की, सिस्टर म्हणाल्या. मग ती आत गेली आणि पाठ करून बसली. मला वाटलं रडतीये. बाहेर आली तेव्हा हातात दोन चमचे होते. एकात औषध. दुसऱ्यात दूध, तिचं स्वतःचं, पिळून काढलेलं, चमचाभर.

"हे काय?" सिस्टर म्हणाल्या. "केहिंदे अंगावर पितोय ना? मग त्याला चमच्याने कशाला? त्याने काही होणार आहे का?"

"काही नाही होणार," सिदिकत म्हणाली.

"मग दिवसातून दोनदा एवढा व्याप? साहेब, तुम्ही शिकलेले आहात, सांगा हिला."

माझ्या जिभेवर आलंच होतं, की काहीच न करणारी गोष्ट काढून टाकावी. मी विचारलं, "इया इबेजी, ते दूध कशासाठी?"

तिने आधी केहिंदेच्या तोंडाला चमचा लावला. तो चाटून झाल्यावर ताइवोला मांडीवर घेतलं.

"आज त्यांना काही कळत नाही," ती म्हणाली. "दोन वर्षांनी कळायला लागेल. तेव्हा याला असं वाटायला नको, की औषध घेणारा घरात मी एकटाच आहे."

ताइवोने तोंड वाकडं केलं, थोडं औषध हनुवटीवर ओघळलं, ते तिने बोटाने निपटून पुन्हा त्याच्या तोंडात घातलं.